नशेची चाचणी नशा मोजते का?

कोविडच्या काळात घरोघरी एक गोष्ट पाठ झाली होती. किटवर दोन रेघा उमटल्या तर संसर्ग आहे, एकच उमटली तर नाही. गरोदरपणाच्या चाचणीतही हाच नियम. कारखान्याच्या दवाखान्यात, विमान कंपनीत किंवा मालवाहतुकीच्या डेपोत कर्मचाऱ्यांची लघवी अमली पदार्थांसाठी तपासतात, ती पट्टीही दिसायला अगदी तशीच असते. अर्थ मात्र उलटा. इथे दोन रेघा दिसल्या की माणूस सुटला आणि दुसरी रेघ उमटलीच नाही तर अडकला. हा उलटा कारभार का, हे समजून घेतले की त्याहून मोठा प्रश्न समोर येतो : ही पट्टी नेमके पकडते काय? बहुतेकांची समजूत अशी, की ‘पॉझिटिव्ह’ निघालेला माणूस नशेत होता. प्रत्यक्षात चाचणी नशा मोजतच नाही. ठरावीक नमुन्यात ठरावीक रसायन ठरावीक पातळीच्या वर आहे की नाही, एवढेच ती सांगते. म्हणून किटची किंमत विचारण्याआधी आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे ठरवावे लागते. प्रश्न एक आणि चाचणी दुसऱ्याच प्रश्नाची, असे झाले की निर्दोष माणसाची नोकरी जाते आणि खरा धोका नजरेआड राहतो.

रेघ उमटत नाही तेव्हा काय घडते?

अशा पट्ट्यांचे काम प्रतिपिंडांवर चालते. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट रेणूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. गरोदरपणात लघवीत येणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचा रेणू चांगला मोठा असतो. त्याचा रेणूभार सुमारे ३७ हजार. त्यामुळे एक प्रतिपिंड त्याला एका बाजूने आणि दुसरे दुसऱ्या बाजूने धरू शकते. या दुहेरी पकडीमुळे रंगीत कण रेघेवर अडकतात आणि रेघ दिसते. मॉर्फिनचा रेणूभार आहे अवघा २८५. इतक्या चिमुकल्या रेणूला दोन बाजूंनी धरायला जागाच नसते. म्हणून अमली पदार्थांच्या पट्टीत स्पर्धेची युक्ती वापरतात.

रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडे म्हणजे डेपोतून निघालेल्या एसटी गाड्या समजा. पट्टीवर रेघेच्या जागी त्याच अमली पदार्थाचे रेणू आधीच चिकटवून ठेवलेले असतात. ते झाले थांब्यावर वाट पाहणारे प्रवासी. लघवीत तो पदार्थ नसेल तर गाड्या रिकाम्या निघतात, थांब्यावर थांबतात, तिथे त्यांची गर्दी होते आणि रंगीत रेघ दिसते. लघवीत पदार्थ भरपूर असेल तर डेपोतच सगळ्या जागा भरतात. भरलेली एसटी थांब्यावर न थांबता पुढे निघून जाते आणि रेघेची जागा कोरी राहते. पलीकडची नियंत्रण रेघ मात्र दोन्ही वेळेला उमटायला हवी; ती नसेल तर पट्टीच बाद. रेघ फिकट उमटली तर काय, हा नेहमीचा वाद आहे. काही गाड्या थांबल्या, म्हणजे त्यांच्यात जागा होती. तेव्हा फिकट रेघ हीसुद्धा ‘निगेटिव्ह’च धरायची असते. एका गोष्टीचा मात्र या गाड्यांना पत्ता नसतो. जागा अडवून बसलेला रेणू खरोखर अमली पदार्थाचा आहे, की त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कोणी, हे त्या तपासत नाहीत. ही उणीव पुढे फार महत्त्वाची ठरते.

लघवीत सापडते ती कालची खूण

शरीरात गेलेला पदार्थ रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा नशा चढते. दरम्यान यकृत त्याची मोडतोड करत असते. त्यातून तयार होणाऱ्या अवशेषांना चयापचयज म्हणतात आणि लघवीत बहुतेकदा तेच सापडतात. गांज्याची नशा टीएचसी या रसायनामुळे चढते, पण लघवीची चाचणी शोधते ते त्याचे एक आम्लरूप. या आम्लरूपाला स्वतःची नशा नसते. शिवाय टीएचसी चरबीत विरघळते, तिथे साठून राहते आणि हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत खूण एक ते तीन दिवस दिसते, तर रोज ओढणाऱ्याची महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. नशा मात्र काही तासांतच उतरलेली असते. कोकेनचा अवशेष दोन ते चार दिवस टिकतो, ॲम्फेटामाइनचा साधारण तितकाच. हेरॉइनची खास खूण एका दिवसाच्या आतच पुसली जाते. तिच्यापासून बनलेले मॉर्फिन मात्र दोनतीन दिवस दिसते. म्हणजे ज्या पदार्थाचे व्यसन अधिक जीवघेणे, त्याची खूण लवकर जाते आणि गांज्याची रेंगाळते. महिन्यातून एकदा लघवी तपासणाऱ्या कंपनीच्या हाती गांजा ओढणारे अधिक लागतील. त्यावरून कामगारांत गांजाच जास्त आहे, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

दारूची श्वासचाचणी याच्याशी ताडून पाहा. फुप्फुसांत रक्त आणि हवा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे श्वासातल्या अल्कोहोलवरून त्या क्षणी रक्तात किती अल्कोहोल आहे याचा अंदाज बांधता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा घातली आहे. याच कलमात अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका माणूस त्या पदार्थाच्या अमलाखाली होता का, असा प्रश्न तिथे आहे. कायद्यातला हा फरक विज्ञानाला धरून आहे. श्वासातला आकडा ‘आत्ता’बद्दल बोलतो, लघवीची पट्टी ‘गेल्या काही दिवसां’बद्दल.

लघवी, लाळ, केस की रक्त?

प्रत्येक नमुना भूतकाळाचा वेगळा तुकडा दाखवतो. रक्तात पदार्थ काही तास ते एकदोन दिवस दिसतो आणि नशेच्या अवस्थेच्या सर्वांत जवळ रक्तच असते. पण सुई टोचायला प्रशिक्षित माणूस लागतो, म्हणून अपघातानंतरची चौकशी वगळता कामाच्या जागी ते सहसा घेत नाहीत. लाळेत साधारण एकदोन दिवसांचा वापर कळतो. नमुना समोरासमोर घेता येत असल्याने तो बदलणे अवघड असते. गांज्याच्या बाबतीत तोंडात उरलेला धुराचा अंश लाळेत उतरतो, त्यामुळे नुकतेच ओढले असेल तर ते पकडायला लाळ उपयोगी पडते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२३ मध्ये लघवीला पर्याय म्हणून लाळेच्या चाचणीला नियमांत जागा दिली, त्यामागे अशीच कारणे होती.

केसांची गोष्ट याच्या उलट आहे. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळच्या जवळपास तीन सेंटिमीटर केसांत गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असतो. पण गेल्या आठवड्यातला वापर अजून त्वचेच्या आतच असतो. केसाला त्याची दादच नसते. शिवाय केसाला काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनला काही पदार्थ अधिक घट्ट चिकटतात, रंगवण्याने किंवा ब्लीच करण्याने प्रमाण घटते आणि बाहेरून लागलेली भुकटी खाल्लेल्या पदार्थासारखी भासू शकते. बहुतेकांचे केस काळे असलेल्या आपल्या देशात केसांची चाचणी सर्वांत ‘कडक’ म्हणून विकत घेण्याआधी हे माहीत असायला हवे. नोकरीवर घेण्यापूर्वी उमेदवाराची जुनी सवय तपासायची असेल तर केस काही सांगू शकतील. क्रेनवर चढणारा माणूस आज सकाळी शुद्धीत आहे का, हे ते कधीच सांगणार नाहीत.

लघवी सर्वाधिक वापरात आहे, कारण ती भरपूर मिळते, तिच्यात अवशेषांचे प्रमाण जास्त असते आणि पट्टी स्वस्त पडते. फसवणूकही तिच्यातच सोपी. म्हणून नमुना देताच चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. पाणी पिऊन पातळ केलेली लघवी ओळखण्यासाठी क्रिएटिनिन मोजतात. स्नायूंच्या कामकाजातून तयार होणारे हे रसायन लघवीत एका किमान प्रमाणात असतेच. नमुन्याचे दोन भाग करून एक सीलबंद ठेवतात, म्हणजे कर्मचाऱ्याने हरकत घेतली तर दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणी करता येते. ही काळजी न घेणारी चाचणी कंपनीच्याही उपयोगाची नाही आणि कामगाराच्याही.

पातळी कोण ठरवते? खसखशीचा धडा

किटवर ‘५० नॅनोग्रॅम’ असे काही लिहिलेले असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दर मिलिलिटरला इतक्या प्रमाणाच्या वर गेले तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे, अशी ही कट-ऑफ पातळी असते. तेव्हा ‘निगेटिव्ह’चा अर्थ ‘काहीच नाही’ असा होत नाही. ‘या पातळीच्या खाली’ एवढाच होतो. पातळी खाली आणली तर वापरणारे जास्त सापडतात, पण न वापरणारेही अडकतात. वर नेली तर उलट होते. ती कुठे ठेवायची हा निर्णय रसायनशास्त्र एकटे करू शकत नाही. कोणती चूक आपण पत्करणार, याचा तो निर्णय आहे.

अमेरिकेत १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा ओपिएट म्हणजे अफूवर्गीय पदार्थांसाठी ३०० नॅनोग्रॅमची पातळी आली. मग एक अडचण पुढे आली. खसखस लावलेला पाव खाल्लेली माणसे मॉर्फिनसाठी ‘पॉझिटिव्ह’ निघू लागली. खसखस हे अफूच्याच बोंडातले बी. बियांत स्वतःचे मॉर्फिन नगण्य असते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना लागून येतो. अखेर १९९८ मध्ये पातळी ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. अनारशांवर खसखस, वाटणात खसखस, शिवाय खसखशीची खीर असलेल्या महाराष्ट्रात हा मुद्दा परक्या देशाचा राहत नाही. इथल्या बाजारात ३०० नॅनोग्रॅमच्या पट्ट्याही मिळतात. अशी पट्टी घेणाऱ्या कंपनीने सणासुदीच्या दुसऱ्या दिवशी काय होईल, याचा विचार केलेला बरा. याला उत्तरही रसायनातच आहे : हेरॉइनपासून शरीरात ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन नावाचा अवशेष बनतो आणि तो खसखशीतून किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधातून येत नाही. प्रयोगशाळेत तो सापडला तर संशयाला जागा उरत नाही. मात्र तो एका दिवसात नाहीसा होतो, म्हणून त्याच्या अभावाने काहीच सिद्ध होत नाही.

पहिली चाळणी आणि पक्की चाचणी

आता थोडे गणित. समजा, एका कारखान्यात १००० कामगार आहेत आणि त्यांपैकी २० जण खरोखर अमली पदार्थ घेतात. पट्टी १०० पैकी ९५ वापरकर्त्यांना पकडते आणि १०० निर्दोषांपैकी ५ जणांना चुकून अडकवते, असे धरू. मग २० पैकी १९ सापडतील. पण ९८० निर्दोषांपैकी ४९ जणही ‘पॉझिटिव्ह’ निघतील. एकूण ६८ जणांच्या यादीत खरे १९, म्हणजे जेमतेम २८ टक्के. पट्टी ‘९५ टक्के अचूक’ असूनही तिने दोषी ठरवलेल्यांपैकी बहुसंख्य निर्दोष. यात पट्टीचा दोष नाही. शोधायची गोष्ट विरळ असली की प्रत्येक चाळणी चाचणीचे हेच होते.

हे निर्दोष अडकतात कसे? जागा अडवणाऱ्या सारख्या चेहऱ्याच्या रेणूंमुळे. सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामाइनच्या पट्टीला फसवू शकते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके काही ओपिएट चाचण्यांत गोंधळ करतात. एचआयव्हीच्या उपचारात वर्षानुवर्षे वापरले गेलेले एफाविरेन्झ काही किटवर गांजा दाखवते. या शेवटच्या उदाहरणाकडे नीट पाहा. आपण गांजा ओढत नाही हे पटवण्यासाठी त्या कामगाराला आपला आजार सांगावा लागेल. तो कोणाला? मनुष्यबळ विभागातल्या अधिकाऱ्याला? म्हणूनच नीट बांधलेल्या पद्धतीत पट्टीनंतर दोन पायऱ्या असतात. पहिली, प्रयोगशाळेतली पक्की चाचणी. तिथे नमुन्यातील रसायने लांब, बारीक नळीतून सोडून वेगळी करतात. प्रत्येक रसायन आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते. मग त्याचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वजन मोजतात. वेळ आणि तुकडे अशा दोन्ही खुणा जुळल्या तरच पदार्थाची ओळख पटते. याला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. सर्दीची गोळी इथे सुटते. दुसरी पायरी, स्वतंत्र डॉक्टर. कर्मचाऱ्याची औषधे, चिठ्ठ्या आणि आजार तो गोपनीय ठेवून तपासतो आणि कंपनीला फक्त निष्कर्ष कळवतो.

यादीत नाही ते दिसत नाही

‘पाच पॅनेल’, ‘दहा पॅनेल’ म्हणजे पट्टीवर किती वर्गांचे पदार्थ तपासले जातात त्याची संख्या. अमेरिकेच्या मूळ पाचांत गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, ओपिएट आणि पीसीपी हे भास घडवणारे रसायन होते. पीसीपीचा आपल्याकडे फारसा मागमूस नाही. उलट महाराष्ट्रात पोलिसांच्या कारवायांत वारंवार येणारे नाव म्हणजे एमडी, अर्थात मेफेड्रोन. ते २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून त्याचा प्रचंड साठा जप्त केला. मेफेड्रोन ॲम्फेटामाइनचा चुलतभाऊ असला तरी ॲम्फेटामाइनची नेहमीची पट्टी त्याला सहसा ओळखत नाही. ट्रामाडॉल आणि फेंटानिल हेही ओपिएटच्या साध्या पट्टीतून निसटतात, कारण त्यांची घडण मॉर्फिनहून बरीच वेगळी आहे. आयात केलेले पॅनेल जसेच्या तसे विकत घेणे म्हणजे दुसऱ्या देशातल्या व्यसनांचा शोध आपल्या कामगारांत घेणे.

भारतात या बाबतीत स्पष्ट नियमावली दिसते ती हवाई वाहतुकीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वैमानिक-कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दर वर्षी किमान १० टक्के जणांची अचानक तपासणी करावी लागते. पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी पाठवले जाते. पुन्हा पुन्हा दोषी ठरल्यास परवाना निलंबित होतो, शेवटी रद्द होतो. यातला विचार घेण्यासारखा आहे. कोणाची, कशासाठी, कशी तपासणी आणि पुढे काय, हे सारे आधीच लिहून ठेवलेले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षेचा. जीव धोक्यात असताना हे बारकावे कशाला? ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधील चेसजवळ मालगाडीची इंजिने प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. इंजिनवरच्या दोघांनी गांजा ओढला होता. याच अपघाताने १९९१ च्या कायद्याला बळ मिळाले आणि वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. आक्षेपात तथ्य आहे. विमान, रेल्वे, अवजड यंत्रे, रासायनिक कारखाने इथे तपासणी हवीच. पण त्याच चौकशीत हेही निघाले, की इंजिनातली धोक्याची शिट्टी आधीच बोळा कोंबल्यासारखी चिकटपट्टीने दाबून टाकलेली होती आणि सिग्नल चुकल्यावर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हती. चाचणी हे सुरक्षेचे एक कवच आहे, सगळी सुरक्षा तिच्यावर सोडता येत नाही. झोप आणणारी सर्दीची गोळी घेऊन क्रेनवर बसलेला कामगार प्रत्येक पॅनेलमधून सहीसलामत सुटेल, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप नीतीचा. पंधरा दिवसांपूर्वी का असेना, गांजा ओढला तर कायदा मोडलाच ना? कंपनीला ‘कधीच वापर नको’ असा नियम करायचा असेल तर तिने तसे स्पष्ट लिहावे. पण लघवीतल्या जुन्या खुणेवरून ‘हा कामावर नशेत होता’ असे म्हणता येत नाही. त्यासाठी वागण्याच्या नोंदी, श्वास, लाळ किंवा रक्त लागते. शिवाय कायदाही इतका सरळ नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. निव्वळ पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, आणि पानांची भांग राज्यांच्या अबकारी कायद्यांवर सोपवलेली आहे. परवानाधारक दुकानातून उत्तरेत कोणी होळीला भांग प्यायला, तर त्याच्या लघवीतली खूण गांजा ओढणाऱ्यासारखीच असते. पट्टीला कायदा कळत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रयोगशाळा परवडत नाही, पट्टीवरच भागवू. वरचे गणित पुन्हा पाहा. पक्की चाचणी १००० जणांची करायची नसते, ६८ जणांचीच करायची असते. हा खर्च वाचवण्याची किंमत ४९ निर्दोष माणसे मोजणार असतील, तर ती बचत म्हणता येणार नाही.

चौकट : चाचणी निवडताना

- आत्ता दारू प्यायली आहे का? श्वासचाचणी.
- गेल्या एकदोन दिवसांत वापर झाला का? लाळ.
- गेल्या काही दिवसांत वापर झाला का? लघवी, नशेत होता की नाही, हे तिच्यातून कळत नाही.
- गेल्या तीन महिन्यांची सवय? केस, मर्यादा लक्षात घेऊन.
- पॅनेल निवडताना आपल्या भागात काय वापरले जाते ते पाहा. एमडी वेगळे मागावे लागते.
- कट-ऑफ पातळी लेखी विचारा.
- पट्टीवरून कारवाई नको. पक्की चाचणी, राखीव नमुना आणि स्वतंत्र डॉक्टर हवाच.

शेवटचा निर्णय कागदावर

चाचणीचे विज्ञान इतके पुढे गेले आहे, की ग्रॅमचे अब्जावे भाग मोजता येतात. त्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते. ‘पॉझिटिव्ह’ निघालेल्याला त्या दिवशी धोक्याच्या कामावरून बाजूला करणे ही खबरदारी झाली. ती पट्टीवरूनही घेता येते, कारण उद्या ती मागे घेता येते. त्याला कामावरून काढणे ही शिक्षा झाली. तिला पक्का पुरावा लागतो. आणि उपचाराला पाठवणे हा तिसरा मार्ग. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांनी व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. या तीन वाटांपैकी कोणती कधी घ्यायची, हे ज्या कंपनीने कामगारांना आधी लेखी सांगितलेले नाही, तिने किटची खरेदी तूर्त थांबवावी. प्रश्न ठरलेला नसताना मिळालेले अचूक उत्तरही चुकीच्याच कामी येते.